वाऱ्याचा सातबारा

पाटण तालुक्यातलं वनकुसवड्याचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. पठाराच्या एका अंगाला खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला. विजेसाठी जमीन देणं म्हणजे काय असतं, हे या तालुक्याला नव्याने सांगावं लागत नाही. धरणाने घरंदारं बुडवली, त्या मानाने पठारावरची पवनचक्की फार सोज्वळ. ती गाव उठवत नाही, धूर सोडत नाही, पाणी मागत नाही. पायाची काँक्रीटची बैठक, क्रेन उभी करायला थोडी सपाट जागा आणि लांबलचक पाती वळणावर मावतील एवढा रुंद रस्ता मिळाला, की तिचं भागतं. म्हणूनच बहुधा पवनचक्कीवाल्या कंपनीने गावाला काय द्यायचं, हा प्रश्न आपण तिच्या मर्जीवर सोडून दिला. कुठे शाळेला वह्या-दप्तरं मिळतात, कुठे नेत्रतपासणीचं शिबिर होतं, कुठे पाण्याची टाकी बांधून तिच्यावर गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव रंगवलं जातं. यातलं काहीच वाईट नाही. पण हे दान आहे, आणि दान घेणाऱ्याला हिशेब विचारता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गावाला तयार झालेल्या दर युनिटामागे ठरलेला वाटा कायद्याने मिळाला पाहिजे.

‘सामाजिक उत्तरदायित्वाचा कायदा आहेच की’, हे यावरचं नेहमीचं उत्तर. तो कायदा जरा नीट वाचावा. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135नुसार ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के खर्च करायचे असतात. आता पवनऊर्जेचा धंदा कसा चालतो ते बघू. एकेका प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढण्याची रीत आहे. तिच्या डोक्यावर कर्ज असतं, आणि व्याज व घसारा वजा केल्यावर पहिली कित्येक वर्षं नफ्याच्या रकान्यात फारसं काही उरत नाही. घसाऱ्यावरची घसघशीत करसवलत हेच तर सुरुवातीच्या काळात पवनचक्क्या घेण्यामागचं मोठं आकर्षण होतं. म्हणजे पातं फिरत असतं, वीज विकली जात असते, आणि ताळेबंदात नफा नसतो. नफ्याशी बांधलेली रक्कम म्हणून गावाच्या कामाची नाही. युनिटाचा हिशेब मात्र मीटरवर चढतो आणि तो लपवता येत नाही.

यात नवं असं काही मी मागत नाही. 2008च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात यजमान राज्याला 12 टक्के मोफत वीज आहे आणि त्यावर आणखी 1 टक्का स्थानिक विकास निधीसाठी आहे. खनिजांच्या बाबतीत 2015 साली कायदा दुरुस्त करून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आणली, त्यामुळे स्वामित्वधनाच्या प्रमाणात आकारलेली रक्कम खाणीच्या परिसराकडे वळते. पाणी आणि खनिज यांना जो न्याय लागू पडला, तो वाऱ्याला का नाही? ‘वारा कुणाच्या मालकीचा नसतो’ असं म्हटलं जातं. खरं आहे, पण नदीही कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. वारा सगळीकडे असला तरी विकण्याजोगा वारा मोजक्या कड्यांवर आणि पठारांवरच मिळतो. कंपनी तिथे येते ती त्या जागेसाठी, आणि त्या जागेवर गुरं चारण्याचा, वैरण कापण्याचा वहिवाटी हक्क पिढ्यान्‌पिढ्या गावाचा असतो. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला एकदा किंमत मिळाली. ज्याची जमीन नव्हती, फक्त गुरं होती, त्याच्या हाती काय आलं?

शिवाय सोज्वळपणालाही मर्यादा आहेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर झालेलं संशोधन 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये छापून आलं. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी बरेच कमी झाले, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वागण्यात, शरीरात फरक पडला. (त्या सरड्याचं शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. प्रजातीला आपला मराठी शब्द जसाच्या तसा दिला आहे.) कागदोपत्री मात्र पवनऊर्जा प्रकल्पाला 2006च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतून सूट आहे, त्यामुळे जनसुनावणीही नाही. म्हणजे कंपनी आणि गाव एकमेकांसमोर बसून, इतिवृत्त लिहून बोलतील, असा एकही कायदेशीर प्रसंग येत नाही. जे बोलणं होतं ते एजंटामार्फत, एकेकट्या खातेदाराशी.

उघड्यावरचा व्यवहार नसला की आडून व्यवहार सुरू होतो. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर 2024 मध्ये खून झाला. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार त्यामागे पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद होता. खटला न्यायालयात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. गुन्हेगारीचं खापर केवळ धोरणावर फोडणंही चूक. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जिथे पैसा येतो हे सर्वांना दिसतं आणि गावाचा वाटा किती हे कुठेच लिहिलेलं नसतं, तिथे ‘गावाच्या वतीने’ मागणारे आपोआप उगवतात. दर ठरलेला आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला असेल, तर अशा माणसाला दाराशीच विचारता येतं, की बाबा, तू कोण?

वीज महाग होईल, ही शंका रास्त आहे. लिलावांमुळे पवनऊर्जेचे दर 2017 मध्ये अडीच रुपयांच्याही खाली गेले होते, कंपन्यांच्या हाताशी ढील नाही. तेव्हा ढोबळ हिशेब करू. 100 मेगावॉटचा प्रकल्प क्षमतेच्या 22 टक्के चालला, तर वर्षाला सुमारे 19 कोटी युनिट वीज होते. तीन रुपयांच्या दराने तिची किंमत 57-58 कोटी. त्यातला 1 टक्का म्हणजे युनिटामागे तीन पैसे आणि गावांसाठी वर्षाला 57 लाखांच्या आसपास. चार-पाच वाड्यावस्त्यांच्या ग्रामपंचायतीसाठी ही लहान रक्कम नव्हे, आणि ग्राहकाच्या बिलात ती शोधावी लागेल. जर्मनीत अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिकांना युनिटामागे 0.2 सेंट देण्याची तरतूद आहे. स्कॉटलंडमध्ये मेगावॉटमागे वर्षाला 5 हजार पौंड हा सरकारने सुचवलेला मापदंड आहे. त्या मापाने 100 मेगावॉटला पाच कोटी रुपयांहून जास्त होतात. मी मागतो आहे ते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

पैसा गावपुढारी खातील, हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. खनिज प्रतिष्ठानांचा पैसा भलतीकडे गेल्याच्या तक्रारी आहेतच. पण यावर इलाज ग्रामसभेपुढे जमाखर्च मांडण्याचा आहे. पैसा मुंबईतल्या कार्यालयातच ठेवून तिथल्या कुणी गावाची गरज ठरवावी, हा काही इलाज नव्हे. त्याहून पुढची पायरीही आपल्याला परकी नसावी. कोपनहेगनच्या समुद्रातल्या मिडलग्रुंडेनच्या 20 चक्क्यांपैकी अर्ध्या साडेआठ हजारांहून अधिक भागधारकांच्या सहकारी संस्थेने उभ्या केल्या. ज्या महाराष्ट्राने प्रवरानगरला ऊस उत्पादकाला कारखान्याचा मालक केलं, त्याला वाऱ्याच्या बाबतीत हे का सुचलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. उसाला पाणी लागतं, वाऱ्याला तेही नको.

आता निमित्त समोर आहे. साताऱ्याच्या पठारांवरच्या पहिल्या पिढीतल्या छोट्या चक्क्यांचं आयुष्य सरत आलं आहे. त्यांच्या जागी कमी संख्येने पण कितीतरी मोठ्या चक्क्या बसवण्यासाठी केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये धोरण आणलं. मोठ्या चक्कीला नवा पाया लागेल, आणखी रुंद रस्ता लागेल, आणि त्यासाठी जुन्याच गावांच्या ग्रामपंचायतींकडे ना हरकत दाखल्याचा अर्ज येईल. त्या दाखल्यावर सही करण्याआधी ग्रामसभेने कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवून घ्यावी: दर युनिटामागे किती पैसे, आणि कोणत्या तारखेला.