शाल नको, वही आणा

दोस्तहो, आपले म्हातारे फौजी वर्षातनं एकदाच जिवंत होतात. एक जानेवारीला. त्या दिवशी त्यांची मेडलं घासून पुसून छातीवर लावायची, स्टेजवर मागच्या रांगेत बसवायचं, नाव चुकीचं पुकारायचं आणि शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली पोरं म्हाताऱ्याच्या हातात नारळ देतात! कुणापुढं फोडायचा रे त्यानं?

आमच्याकडच्या एका कार्यक्रमात एकाहत्तरच्या लढाईतला एक नाईक बसला होता. पंचाहत्तरी ओलांडलेला. पुढाऱ्यानं त्याच्याकडं बोट दाखवून पाऊण तास तलवार, रक्त, वाघ असं झोडलं. माईक काही म्हाताऱ्याकडं गेला नाही. खाली उतरल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "तलवार कसली बाळा, मी टेलिफोनच्या तारा ओढायचो. पण पलटणीत राती बसून थर्ड क्लासची परीक्षा पास झालो. ते सांगायचं होतं."

आपल्याला हे ऐकायचंच नसतं. आपल्याला वाघ पाहिजे. परीक्षा पास झालेला म्हातारा आपल्या पोस्टरवर शोभत नाही.

आता इतिहास बघा. गोपाळबाबा वलंगकर फौजेतनं हवालदार होऊन 1886 साली बाहेर पडले. दापोलीत ऱ्हायले. बाहेर पडल्यावर काय केलं त्यांनी? लेखणी धरली. 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, शास्त्र सांगणाऱ्यांना छापील सवाल टाकले. पुढं सरकारनं महारांची भरतीच बंद केली, तेव्हा 1894 साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी फौजेतल्या शाळेत शिकवायचे. गावच्या शाळेत आपल्या पोराला दाराबाहेर बसवायचे, त्या काळात छावणीत आपली माणसं मास्तर होती. छावणीत जात नव्हती असं कुणी सांगू नये. पण तिथं पाटी मिळाली, आणि म्हाताऱ्यांनी ती सोडली नाही.

दुसरी गोष्ट पेन्शनची. हिच्यावर कुणी भाषण करत नाही, कारण पैशाच्या गोष्टीत शौर्य दिसत नाही. अरे, गावात महार म्हणजे येसकर. भाकरी मागून खायची, मेलेलं ढोर ओढायचं, वर जोहार घालायचा. पाटलाच्या विरोधात बोललास की भाकरी बंद. पेन्शनवाल्या म्हाताऱ्याची भाकरी गावाच्या हातात नव्हती. म्हणून त्याला बोलता आलं. चळवळीची पहिली फी त्या पेन्शनीतनं भरली गेलीय, हे लक्षात ठेवा.

काहीजण नाक मुरडतात की हे तर इंग्रजांचे चाकर. बरं. मग बंगालच्या पलटणीत अवधचे ब्राह्मण नि रजपूत भरले होते ते काय तीर्थयात्रेला गेले होते? आणि इंग्रज काही आपला सोयरा नव्हता. कोरेगावला 1818 साली माणसं मेली, खांबावर नावं कोरली. तरी पुढं भरतीचं दार लावलं. 1910 साली शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला. पहिलं महायुद्ध अंगावर आलं तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली, 1921 ला मोडली. गरज सरो वैद्य मरो! महार रेजिमेंट उभी ऱ्हायला 1941 चा ऑक्टोबर उजाडला, तीही बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यावर.

महाडचं सांगतो. 20 मार्च 1927. तळ्यावरून परतल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, जेवणात माती कालवली. पलटणीतनं परतलेले पुष्कळजण तिथं होते. एका शब्दाची खोटी, गावाची राखरांगोळी झाली असती. बाबासाहेबांनी शांत ऱ्हायला सांगितलं आणि ते ऱ्हायले. हात शिवशिवत असताना. मला कोरेगावच्या तलवारीपेक्षा हा थांबलेला हात मोठा वाटतो. आपल्यात मोर्चात पहिला दगड कुणी मारला यावर बढाई चालते म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि आज? 2022 पासून जवानांची भरती अग्निपथवर. चार वर्षं नोकरी, चारातला एक फार तर कायम, बाकीच्यांना एकरकमी पैसे आणि घरचा रस्ता. पेन्शन नाही. आपली पोरं पहाटे रस्त्यावर धावतायत. धावू द्या. पण ज्या भाकरीवर वलंगकर उभे ऱ्हायले ती काढून घेतली, यावर एक जानेवारीच्या किती स्टेजवर कुणी तोंड उघडलं?

दुसऱ्या महायुद्धातले आपले म्हातारे जवळपास संपले. काय खाल्लं, कुणाबरोबर एका ताटात जेवले, रजेवर गावात बूट घालून आल्यावर काय झालं, कुणी लिहून घेतलं नाही. आता पासष्ट नि एकाहत्तरवाले उरलेत. डिस्चार्ज बुक ट्रंकेत, वाळवी लागलेलं. हयातीच्या दाखल्याला अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून खेपा मारतात. आणि त्यांच्या बाया! वीस वर्षं नवरा सरहद्दीवर असताना घर, पोरं, गावाची बोलणी एकटीनं झेलली. त्यांना तर स्टेजसुद्धा नाही.

येत्या रविवारी शाखेतनं तिघांनी निघायचं. एक लिहिणारा, एक सरकारी कागद वाचता येणारा, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेप घालायची तयारी असलेला. दोनशे पानी वही घ्या. नारळ नको. चहा म्हातारीच्या हातचा प्या आणि आधी तिला विचारा.