यंत्र आले, पण चालवणार कोण?

2021 च्या एप्रिलमध्ये मी एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. कोपऱ्यात दोन व्हेंटिलेटर, म्हणजे कृत्रिम श्वासाची यंत्रे, प्लास्टिकच्या आवरणात उभी होती. बाहेर रुग्णाला शहरात हलवण्यासाठी नातेवाईक रुग्णवाहिका शोधत होते. यंत्रे बिघडलेली नव्हती. ती लावून रात्रभर रुग्णाजवळ थांबणारा जाणकार माणूस नव्हता.

याच कामासाठी अमेरिकेच्या सैन्यात स्वतंत्र पद आहे. हा श्वासोपचार करणारा जवान डॉक्टर नसतो. भरती झाल्यावर त्याला टेक्सासमधील फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे हे शिक्षण मिळते. प्राणवायू देणे, घशातून घातलेली नळी सांभाळणे, छातीतला कफ ओढून काढणे, धमनीतले रक्त तपासून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे यंत्र लावून देणे, हे त्याचे रोजचे काम.

खरी कसोटी विमानात लागते. इराक युद्धातल्या जखमींना विमानाने जर्मनीत लँडस्टूलच्या लष्करी रुग्णालयात नेत. त्यांच्या हवाई दलाच्या अतिदक्षता पथकात माणसे तीनच : डॉक्टर, परिचारिका आणि श्वासोपचार तंत्रज्ञ. विमान उंच गेले की आतली हवा सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी विरळ होते. जमिनीवर पुरणारा प्राणवायू तिथे पुरत नाही. शिवाय नळी घट्ट बसावी म्हणून तिच्या टोकाशी हवेचा छोटा फुगा असतो. बाहेरचा दाब घटला की तो फुगतो आणि श्वासनलिकेला आतून दाबतो. विमान उतरताना सैल पडतो आणि हवा बाजूने निसटते. म्हणून त्याचा दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. त्या घरघराटात स्टेथोस्कोपचा उपयोग नाही, यंत्राची घंटासुद्धा ऐकू येत नाही. मग छाती नीट वरखाली होते का, ओठ निळे पडतात का, हे डोळ्यांनीच पाहत राहायचे. तासन् तास.

आमचे काही डॉक्टरमित्र म्हणतात, ही श्रीमंत देशाची चैन. मला हे पटत नाही. नळीत कफ अडकला तर लाखो रुपयांचे यंत्र फक्त शिटी वाजवते, कफ काढत नाही. हवा फार जोराने ढकलली गेली तर फुप्फुस फाटू शकते. परिचारिकेवर वॉर्डभर रुग्णांचा भार, आणि भूलतज्ज्ञ असलाच तर एक, तोही शस्त्रक्रियागृहात. अशा वेळी यंत्र बंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. न येणारे काम अंगावर घेऊन रुग्ण दगावला, तर मार त्यांनाच खावा लागतो.

श्वासोपचाराचे शिक्षण आपल्या देशातही मिळते. शिकलेली मुले मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत जातात, कारण आपल्याकडे त्यांच्यासाठी जागाच नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात निदान तीन पाळ्यांना पुरतील एवढी पदे मंजूर व्हायला हवीत. नव्या यंत्राची फीत कापायला पुढारी येतील तेव्हा वाचकांनी त्यांना जरूर विचारावे, की साहेब, रात्री दोन वाजता याच्याजवळ कोण असेल?