उतारावर हँडल थरथरलं तर

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी पन्हाळा करून आलेल्यांपैकी एखादा सोमवारी सायकल घेऊन येतो आणि सांगतो, ‘वाघबीळचा घाट उतरताना हँडल थडथडायला लागलं. घट्ट धरलं तर आणखीच वाढलं.’ घट्ट धरायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

आधी सायकल मुळात उभी कशी राहते ते बघू. चाकं गरगर फिरतात म्हणून ती उभी राहते, असं आपण ऐकत आलो. ते अर्धवट आहे. 1970 मध्ये डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक बसवलं, तरी सायकल चालवता आली. 2011 मध्ये कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी तर चाकांच्या फिरण्याचा परिणामच काढून टाकलेली सायकल बनवली. ढकलून दिल्यावर तीही स्वतःला सावरत गेली. खरी गोष्ट अशी, की सायकल कलते तिकडे हँडल वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. संशोधकांच्या एका नमुना सायकलच्या गणितात हे आपोआप सावरणं ताशी साधारण 15 ते 22 किलोमीटरच्या दरम्यानच सापडतं. त्यापुढे ती कलते, पण इतकी सावकाश की आपण नकळत सावरतो.

उतारावरची थरथर हे निराळंच दुखणं. वेगात फ्रेम किंचित पिळवटते, टायर आडवा दबतो आणि हँडल सेकंदाला चार-पाच वेळा, कधी त्याहून जास्त, हेलकावतं. एवढ्या झपाट्यानं हात सावरू शकत नाही. ताठ झालेले दंड उलट त्या हेलकाव्यातच सामील होतात.

मी कप-गोट्या बघतो, रिमची आउट काढतो, आरे ताणतो. तेवढं करायलाच हवं. पण निर्दोष सायकलही थरथरते; थंडीनं अंग कुडकुडलं तरी पुरतं.

तेव्हा एक गुडघा वरच्या दांडीला दाबून धरा. सीटवरचं वजन थोडं पायडलवर घ्या. हँडल सोडू नका, पकड मात्र सैल करा आणि ब्रेक हळूहळू लावा.

महागडी सायकल विकणाऱ्या प्रत्येक दुकानदारानं एवढं गिऱ्हाइकाला सांगितलंच पाहिजे. शाळकरी पोरांना पन्हाळ्यावर नेणाऱ्यांची जबाबदारी तर त्याहून मोठी. दांडीला गुडघा लावायचा सराव सपाट, मोकळ्या जागेत, कमी वेगात होतो. कोल्हापूर सोडण्याआधी तो प्रत्येक पोराकडून करून घ्या, आणि ज्याला जमला नाही त्याला उतरताना टेम्पोत बसवा.