डोळ्याचे माप आणि पाण्याचे माप

क्विंटलभर माल ठेवला असता पाऊणशे किलो दाखवणारा काटा कोणताही व्यापारी दुकानात ठेवणार नाही. परंतु पाण्याची खोली मोजताना मनुष्याचा डोळा नेमका तोच काटा होतो.

दिवाळीच्या सुट्टीत शहरातील नातवंडे मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावी येतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो. विहिरी आणि शेततळी भरलेली असतात. स्वच्छ पाण्यातून तळ जवळ दिसतो आणि ‘एवढेच तर पाणी’ असे मुलांना वाटते. धोका या वाटण्यातच आहे.

प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. त्यामुळे तळाकडून तिरपा येणारा किरण पाण्याबाहेर पडताना वाकतो. यालाच अपवर्तन म्हणतात. डोळ्याला हे वाकणे कळत नाही. किरण सरळच आला असे तो धरतो आणि तळ वर उचलल्यासारखा दिसतो. सरळ वरून पाहिल्यास खोली पाऊणपट भासते. ३ मीटर खोल शेततळे सव्वादोन मीटरच वाटते. काठावरून तिरपे पाहिल्यास त्याहूनही उथळ.

परावर्तनाची गोष्ट वेगळी. सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम २ टक्के भाग पृष्ठभागावरून परततो; पण नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन वाढते. म्हणून दूरच्या पाण्यात आभाळ दिसते, तळ दिसत नाही. जवळचे पाणी खोली कमी सांगते, दूरचे ती झाकून ठेवते.

हे मुलांना घरीच दाखवता येते. वाटीत नाणे ठेवावे आणि काठाआड ते दिसेनासे होईपर्यंत मुलाला मागे सरकवावे. मग दुसऱ्याने वाटीत हळूहळू पाणी ओतावे. नाणे जागचे हलत नाही, तरी पुन्हा दिसू लागते. ज्याने हे एकदा पाहिले, तो पाण्याच्या दिसण्यावर सहज विसंबणार नाही.

शेततळ्याची खोली खुणा केलेल्या काठीने किंवा दोरीला वजन बांधून मोजावी आणि काठावर ठळक अंकांत लिहून ठेवावी. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. म्हणून पक्की बांधलेली दोर आणि हवा भरलेली ट्यूब तेथे कायम असावी. मुलांना एकटे तर पाठवूच नये.

हिशेबातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. पाण्याच्या मापातली चूक दुरुस्तीला वेळ देत नाही.