पेटी विकावी, चोरी विकू नये

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा बँकेच्या कार्डाएवढा संगणक ३५ डॉलरला विक्रीस आला. त्यावर ‘कोडी’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तो टीव्हीला जोडला की आपल्याजवळचे फोटो, गाणी, चित्रपट पडद्यावर दिसतात. अनेक टीव्हींचा रिमोटही त्याला चालतो.

आम्ही कापडवाले कापडाच्या भावात शिलाई धरत नाही. इथेही पॉवर सप्लाय, मेमरी कार्ड, डबी आणि केबलचा खर्च वेगळा. हा हिशेब गिऱ्हाइकाला आधीच सांगून जोडणी करून दिली, तर आमच्या तरुण कारागिरांना थोड्या भांडवलात चांगला जोडधंदा मिळेल.

मात्र एक धोका आहे. कोडी स्वतः एकही चित्रपट पुरवत नाही. काही विक्रेते चोरीचे चित्रपट दाखवणारी सोय आधीच भरून पेटी विकतात. हॉलंडमधील अशाच एका विक्रेत्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २६ एप्रिल २०१७ रोजी ही विक्री कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत येते, असा निकाल दिला. नकली छापाच्या कापडासारखाच हा माल! चार पैसे जास्त सुटतील, पण पत जाईल. व्यापारी बंधूंनो, पत गेली की दुकान उरत नाही.