‘गॅस झालाय’ म्हणण्याआधी

छातीत दुखू लागले की आपल्या घरांतला पहिला उपाय ठरलेला असतो. ओवा-सैंधव, हिंगाचे पाणी, नाहीतर लिंबू-सोडा. 2003 सालच्या हिवाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास माझे वडील छाती चोळू लागले. “गॅस झालाय रे, दुपारी वाटाणे जास्त खाल्ले,” ते म्हणाले. आईने हिंगाचे पाणी केले. मी पानपट्टीवरून सोडा आणला. बाबांना दरदरून घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता आणि आम्ही घरचे सगळे ढेकर यायची वाट पाहत बसलो होतो. ढेकर आली, आम्ही निर्धास्त झालो. पहाटे चारला मात्र रिक्षा शोधावी लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “दुखायला सुरुवात कधी झाली?” उत्तर देताना माझी मान खाली गेली. बाबा त्या दुपारी गेले.

आज हे आठवायचे कारण म्हणजे त्या पाच तासांचे मोल आता पूर्वीपेक्षा वाढले आहे. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकल्याने येतो. रक्त न पोचलेला स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. गुठळी विरघळवणारे औषध पूर्वीही होते. स्ट्रेप्टोकायनेज सलाइनमधून साधारण तासभर सोडावे लागे. आता टेनेक्टेप्लेज नावाचे औषध आहे. रुग्णाच्या वजनानुसार मात्रा ठरवून ते एकाच इंजेक्शनने काही सेकंदांत देता येते. त्यामुळे मोठ्या शहरातल्या हृदयरोग विभागापर्यंत पोचण्याआधीच, तालुक्याच्या गावी उपचार सुरू करणे सोपे झाले.

कर्नाटकात याच विचारातून योजना आली. लाडका नट पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 रोजी वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी हृदयविकाराने गेला. आपल्याकडच्या मराठी घरांतही त्या दिवशी दूरदर्शनपुढून कोणी उठले नव्हते. त्याच्याच नावाने 2023 साली राज्य सरकारने ‘हृदय ज्योती’ योजना जाहीर केली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी दुरून पाहायचा आणि त्यांनी सांगितले की तिथल्या तिथे हे महागडे इंजेक्शन मोफत द्यायचे, अशी तिची रचना आहे. इंजेक्शननंतर रुग्णाला अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी हलवतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय आहे का, हे प्रत्येकाने आजच, धडधाकट असताना, विचारून ठेवावे.

मात्र हे इंजेक्शन म्हणजे रामबाण नव्हे. ईसीजीत ठरावीक बदल दिसले तरच ते देतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला त्याने अपाय होऊ शकतो. शिवाय ते पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त गुण देते. बारा तास उलटले की सहसा देतच नाहीत. म्हणजे औषध दाराशी आले, पण दार उघडायचे काम अजून घरच्यांचेच आहे.

दुखणे दर वेळी छातीतच असते असेही नाही. जबडा, पाठ, खांदा दुखणे, अचानक दम लागणे, थंड घाम, मळमळ ही लक्षणेही तीच गोष्ट सांगतात. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये असे जास्त आढळते. “कामाने थकले असेन” म्हणून त्या अंग टाकतात आणि घर उशिरा जागे होते.

अशा वेळी रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये. 108 ला फोन करावा. कर्नाटकात ही सेवा 2008 पासून आहे, महाराष्ट्रात 2014 पासून. सीमेच्या अलीकडे-पलीकडे क्रमांक एकच. आपल्या बाजूला उत्तर बहुधा कन्नडमधून येते. आपल्याला त्याची अडचण नाही, पण पुण्याहून नव्याने आलेल्या सुनेला आणि सुट्टीला आलेल्या भाच्यांना ‘एदे नोवु’ एवढे दोन शब्द आणि घराचा पत्ता पाठ करून द्यावा.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 ला कळवून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबावे. छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जायला हवी आणि वेग मिनिटाला 100 ते 120 हवा. तोंडाने श्वास देणे जमत नसेल तरी नुसते दाबणेही उपयोगी पडते. मदत येईपर्यंत आळीपाळीने दाबत राहावे, थांबू नये. आमच्या महाविद्यालयात मुलांना हे एका पुतळ्यावर शिकवले, तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या रांगेत उभा राहून शिकलो. दोन मिनिटांत दम लागतो, म्हणूनच घरात एकापेक्षा जास्त माणसांना ते यायला हवे.

गेल्या थंडीत मामांचा रात्री फोन आला, “जरा गॅस झालाय.” फोन आईने घेतला होता. तिने आधी घड्याळ पाहिले, दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर वेळ लिहिली आणि म्हणाली, “सोडा नको. 108 बोलाव.” रुग्णालयात ईसीजी झाला, काही तासांनी पुन्हा काढला, रक्ततपासणी झाली. सकाळी मामा घरी परतले. खरोखरच गॅस होता! सगळे आईला हसले. तीही हसली.

कॅलेंडरवरची ती वेळ मात्र तिने खोडली नाही.