सक्ती चालकावर, सूट मालकाला!

महामार्गावर एखादा भीषण अपघात घडला की दुसऱ्या दिवशीच्या भांडवली वृत्तपत्रांतून ठरलेला निष्कर्ष वाचावयास मिळतो : ट्रकचालक बेफिकीर होता, अडाणी होता, त्याला शिस्त लावली पाहिजे. २०२२ या एकाच वर्षी देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे सरकारी आकडे सांगतात. हा संहार थांबविण्यासाठी मालट्रकच्या चालकांना सक्तीचे व्यावसायिक प्रशिक्षण असावे काय? कामगारवर्गाचे उत्तर निःसंदिग्धपणे 'होय' असेच असले पाहिजे. केबिनमध्ये चिरडला जाणारा चालकही कामगारच असतो. परंतु हे प्रशिक्षण कुणाच्या खर्चाने, कुणाच्या वेळात, आणि त्यातून सूट कुणाला, हा खरा प्रश्न आहे.

आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहन चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. एकदा परवाना मिळाला की पुढे नूतनीकरणाच्या वेळी सर्वसाधारण मालट्रकच्या चालकास पुन्हा काही शिकविलेच पाहिजे, असे बंधन केंद्रीय कायद्यात नाही. धोकादायक रसायने वा इंधन वाहणाऱ्या चालकासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण नियमांत आहे. पण त्याच्या परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्षावरून तीन वर्षांवर नेण्यात आली. त्याच दुरुस्तीने उजळणीचा अभ्यासक्रम बंधनकारक केला तो कुणासाठी? ज्याचा परवाना निलंबित झाला त्याच्यासाठी! कायद्याला चालकाचे शिक्षण आठवते ते मुख्यतः शिक्षा म्हणून.

सूट देणे नेहमीच चुकीचे असते असे मात्र नव्हे. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली रद्द झाली. हरियाणातील मेवातसारख्या भागात पिढ्यान् पिढ्या या धंद्यावर जगणाऱ्या गरिबांना ही अट रोजगारापासून तोडत होती. ती जावी हे योग्यच झाले. ज्या व्यवस्थेने शाळेचे दार बंद ठेवले, तिनेच शाळेचा दाखला मागावा हा अन्याय होता. ट्रकचालकाची खरी शाळा म्हणजे केबिन. क्लीनर म्हणून वर्षानुवर्षे राबत, उस्तादाच्या हाताखाली घाटाचा उतार, भारलेल्या गाडीचा ब्रेक आणि रात्रीचा रस्ता तो शिकत आला. आज मालक खर्च वाचविण्यासाठी क्लीनरलाच गाडीवरून उतरवीत आहेत, आणि ती शाळाही बंद पडत चालली आहे.

अट काढताना सरकारने दोन गोष्टी सांगितल्या : वाहतूक क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची उणीव आहे, आणि यापुढे भर प्रशिक्षणावर राहील. त्या भराचे रूप २०२१ च्या नियमांत दिसले. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जड वाहनांचा ३८ तासांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत पुरा करणाऱ्यास वाहन चालविण्याच्या सरकारी चाचणीतून सूट मिळते. अभ्यासक्रमास आमचा विरोध नाही. पण जड वाहनांच्या केंद्रासाठी दोन एकर जमीन हवी. ती कुणाजवळ असते? केंद्राची फी कोण भरणार? त्या सहा आठवड्यांची रोजी कोण देणार? उत्तर नसेल, तर ही सूट पैसे मोजू शकणाऱ्याचीच होय.

शिवाय झोपेने डोळे मिटत असलेल्या माणसाला प्रशिक्षणाचा काय उपयोग? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती आणि तो पाच वा अधिक कामगारांच्या उपक्रमांना लागू होता. दोनतीन गाड्यांचे मालक त्यातून सुटत होतेच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी हा कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आणि पाचाचा आकडा दहावर गेला. याला म्हणतात सूट! खेप वेळेत पोचविण्याची घाई मालकाची. अपघाताचा गुन्हा मात्र चालकाचा.

भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) या कलमाने अपघातानंतर खबर न देता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत देशभरचे चालक गाड्या उभ्या करून रस्त्यावर आले. त्या दबावामुळेच १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना हे उपकलम वगळावे लागले. पण वाटाघाटी झाल्या त्या वाहतूकदार मालकांच्या संघटनेशी! लढले चालक, बोलणी मालकांशी. हा धडा आपण विसरता कामा नये.

भांडवली युरोपातही २००३ च्या निर्देशाने व्यावसायिक चालकास दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक केले. १० सप्टेंबर २००९ पूर्वी मालट्रकचा परवाना असलेल्यांना प्रारंभिक पात्रतेतून सूट मिळाली, पण नियमित प्रशिक्षणातून नाही. तत्त्व स्पष्ट आहे : जुन्या चालकाची रोजी जाऊ नये, पण शिकण्याची संधी सर्वांना मिळावी.

आपल्या मागण्या याच तत्त्वावर उभ्या राहिल्या पाहिजेत. प्रशिक्षण सर्व चालकांना, ठराविक मुदतीने, पगारी वेळेत आणि त्यांच्या मातृभाषेत मिळावे. ते सरकारी केंद्रांतून विनाशुल्क द्यावे. स्वतःची एकच गाडी स्वतः चालविणाऱ्यावर त्याचा बोजा न टाकता बडे माल पाठविणारे, वाहननिर्माते व विमा कंपन्या यांच्याकडून निधी उभारावा. प्रशिक्षण न घेतल्याबद्दल दंड आधी मालकास व्हावा. आणि कामाच्या तासांची मर्यादा एका गाडीच्या मालकापासून सर्वांना लागू व्हावी.

कळंबोलीच्या तळावर असो वा इंदूर, हैदराबादच्या, चालक आज असंघटित आहे. तो आज एका राज्यात, उद्या दुसऱ्यात असतो. त्याला सभेला बोलावून चालणार नाही. देशभर पसरलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी त्याच्या तळावर, त्याच्या ढाब्यावर गेले पाहिजे. प्रशिक्षण ही चालकावरची मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे. आणि हक्क मागितल्याखेरीज मिळत नाही.